लहान घ्यावा की मोठा

त्या दिवशी मेहकरच्या बसस्टँडसमोरच्या दुकानात मी ज्याच्याशी भांडले, तो दुकानदार नव्हताच. हे मला कळलं तोवर मी त्याला बरंच काही सुनावून बसले होते. माझं हे असंच आहे. राग आधी, विचारपूस मागून.

पाऊस म्हणावा असा नव्हता, नुसती भुरभुर चालली होती. ओढणी डोक्यावर धरून मी आत शिरले, तर काउंटरमागे एक उंच, सावळा मुलगा बसलेला. पापण्या दाट, आणि बघणं इतकं शांत की आपणच काहीतरी चुकलोय असं वाटावं.

“नुसते गाणे ऐकाचं काही आहे का?” मी विचारलं. “मोबाईल नको. ज्याच्यावर कोणाचा फोन येणार नाई, असं.”

तो किंचित हसला. मागच्या कपाटातून त्याने दोन प्लेअर काढले आणि काचेवर ठेवले. एक काडीपेटीएवढा, कॉलरला चिमट्याने अडकवायचा. दुसरा जाडजूड, स्क्रीनवाला, दोन इअरफोन लावायची सोय असलेला, आणि खोक्यावर लिहिलेलं की हजारो गाणी मावतील.

“कोणासाठी पायजे?”

“बाबासाठी.”

“कुठं ऐकतीन?”

“चार-चार तास पडून राहा लागते त्याहिले. डावा हात हलवता येत नाई.”

त्याने एकदम माझ्याकडे पाहिलं. मग मोठा प्लेअर हळूच बाजूला सारला. “मंग लहान घ्या. याच्यात थोडेच मावतात, पण बस होतात.”

आता त्याला काय माहीत, ‘थोडं’ या शब्दाचा मला किती तिटकारा आला होता ते. बाबाच्या किडन्या गेल्यापासून आमच्या घरात तोच एक शब्द होता. थोडंच पाणी प्या. थोडंच मीठ. थोडंच चाला. भेटायला येणारे पाहुणे दारात चपला घालताना एकमेकांना हळूच सांगायचे, आता थोडेच दिवस. फोनवरही तेच. ‘कसं वाटते जानराव?’ असं दिवसभर विचारणाऱ्यांना कंटाळून बाबाने आपला मोबाईल माझ्याकडे देऊन टाकला होता.

“तुमी माह्या बाबाचं माप काढून राह्यले का?” माझा आवाज चढलाच. “ते किती ऐकतीन हे तुमी काऊन ठरवता?”

“मी तसं नाई म्हणलं. मी फक्त…”

“फक्त काय?”

“काही नाई,” तो म्हणाला आणि खाली पाहू लागला.

तेवढ्यात चहाचा कप हातात घेऊन खरा दुकानदार आला. माझा चेहरा पाहून दचकला. “ताई, हा गिऱ्हाईक आहे. मीच म्हणलं त्याले, पाच मिनिट दुकान सांभाळ म्हणून.”

माझे कान तापले. काहीच न घेता मी तशीच बाहेर पडले, आणि घरी पोचेपर्यंत स्वतःला शिव्या घालत होते.

खरं तर लहान घ्यावं की मोठं, हे सांगणं माझं रोजचं काम. मी कृषी केंद्रात काउंटरवर असते. औषधाची लहान बाटली पुरेल का मोठी लागेल, हे लोक मला विचारतात आणि डोळे झाकून घेऊन जातात. पण बाबासाठी एक प्लेअर घ्यायचा तर मला सुचेना.

मंगळवारी बाबाला मेहकरच्याच दवाखान्यात डायलिसिसला नेलं. आमचे वार ठरलेले, मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवशी छायासिस्टरने बाबाला खिडकीजवळचा बेड दिला. शेजारच्या बेडवर एक बारीक अंगाच्या बाई होत्या, कपाळ मोठं, डोळे मिस्कील. आणि त्यांच्या उशाशी स्टुलावर तो.

“जयभीम,” तो म्हणाला. “मोठा घेतला का मंग?”

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. त्या बाईंच्या पदराला तोच काडीपेटीएवढा प्लेअर अडकवलेला होता. म्हणजे दुकानात त्याने मला जे सांगितलं ते स्वतःच्या आईच्या अनुभवावरून सांगितलं होतं, आणि मी त्याचं तोंडच बंद केलं होतं.

“हेच काय रे ते पोरगी?” बाईंनी त्याला विचारलं, माझ्यादेखत. “जे तुह्यावर भडकली आन् तू घरी येऊन दोनदा सांगितलं?”

“आई…” तो कळवळला.

“दोनदा?” मी विचारलं.

“एकदाच,” तो म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि मला एकाएकी बरं वाटलं.

तो प्रसेनजित. जानेफळचा, लाईनमन. आई केसरबाई, गावात हळद कुणाचीही असो, गाणी म्हणायला पहिलं बोलावणं यांनाच. आजारानं आवाज बसला, पण गाण्यांचं वेड काही गेलं नव्हतं. माझे बाबा गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत ते घरी टिकायचेच नाहीत, आज पिंपळगाव राजा तर उद्या रोहिणखेड. मग डाव्या हाताची शीर जोडली, डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी. त्या हाताला वजन नको, धक्का नको, असं डॉक्टरांनी बजावलं. ढोलकी खुंटीला लागली, आणि बाबा बोलायचेही कमी झाले.

“भाऊ, ऐकता काय?” केसरबाईंनी एक इअरफोन कानातून काढून बाबाकडे धरला. वायर पोचेना. पुढच्या खेपेला प्रसेनजित वायर कापून, मध्ये जोड देऊन, लांब करून घेऊन आला. लाईनमनच तो. मग एक टोक केसरबाईंच्या कानात, एक बाबाच्या, आणि मधली वायर दोन बेडमधल्या लोखंडी कपाटावरून गेलेली.

“कोणाचा पाय अडकला तर मले सांगू नका,” छायासिस्टर म्हणाल्या, पण वायर त्यांनीच नीट बाजूला सारून दिली.

आणि त्या दिवशी मी एक नवल पाहिलं. गाणं सुरू झालं तशी बाबाची उजव्या हाताची बोटं बेडच्या दांडीवर पडू लागली. टणत्कार उठायचा तो फक्त उजव्या बाजूचा. डावीकडचा घुमणारा ठोका नाही म्हणून ताल लंगडा पडायचा. केसरबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि आपला मोकळा हात कपाटाच्या पत्र्यावर आपटला. धूं. बरोबर जागेवर. बाबाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघं दोन बेडवर पडल्या-पडल्या एकेका हाताने मिळून एक ढोलकी वाजवत राहिले, डोळे मिटून. कितीतरी दिवसांनी माझ्या बाबाच्या चेहऱ्यावर मी सुख पाहिलं. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला रडू येत होतं.

“रडू नका,” शेजारून प्रसेनजित हळूच म्हणाला.

“रडून नाई राह्यली.”

“हाव. पाऊसच आला असन आत.”

तसे आमचे मंगळवार-शुक्रवार सुरू झाले. आत ते दोघं वाजवायचे, बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसायचो. पत्र्यावर पाऊस वाजायचा, डबे उघडले जायचे. तो माझ्या डब्यातली भाजी घ्यायचा आणि त्याच्या डब्यातला ठेचा माझ्याकडे सरकवायचा.

“काल आमच्या गावची लाईट तुमीच घालवली ना?”

“मी घालवत नाई. मी आणतो.”

“मंग इतका उशीर काऊन केला?”

“तुमी फोन केला असता तर लवकर आणली असती.”

“माह्याजवळ नंबर कुठं आहे?”

त्याने माझा मोबाईल घेतला, नंबर घातला आणि परत दिला. बोटाला बोट लागलं, जरासंच. आम्ही दोघंही समोरच्या ओल्या रस्त्याकडे पाहत बसलो, जणू तिथं मोठं काही चाललं होतं.

इतकं सगळं चांगलं चाललं असताना मी पुन्हा प्लेअरचा विषय काढला. केसरबाईंचा किती दिवस वापरायचा? मी बाबाला म्हटलं, “तुमच्यासाठी मोठा आणते. सारे गाणे मावतीन.”

बाबा छताकडे बघत म्हणाले, “लहान आण. नाईतर आणूच नको.”

“काऊन?”

“सारे गाणे घेऊन काय करू? तेवढं ऐकाले टाइम पायजे ना, बाई. मले आता ह्या सुयांचा कंटाळा आला. दिवाळीपर्यंत पाहू, मंग बंद करू.”

इतक्या साध्या आवाजात सांगितलं त्यांनी. मी बाहेर आले आणि बाकावर बसून ढसाढसा रडले. प्रसेनजितने विचारलं नाही, समजूत घातली नाही. फक्त मधला डबा उचलून पलीकडे ठेवला आणि जवळ सरकून बसला.

“त्या दिवशी दुकानात मी लहान घ्या म्हणलं,” तो म्हणाला, “ते वजनासाठी. मोठा छातीवर ठेवला का आईले दम लागते. बाकी माह्या मनात काही नव्हतं.”

“मले माहीत आहे.”

“आईही असंच म्हणे पहिले. बंद करा म्हणे. आता तुमच्या बाबासाठी मंगळवारची वाट पाहते. सकाळीच वेणी घालून बसते.”

“आन् तुमी?”

“मी वेणी घालत नाई,” तो म्हणाला. मी रडता रडता हसले. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “वाट पाहतो.”

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माझ्या मनाचा एक कोपरा आकसून बसला होता. आमची ओळख त्या दोन बेडमुळे होती. बाबाने डायलिसिस बंद केलं तर बाबाही जातील, आणि हे मंगळवारही. त्या दिवसानंतर हा मुलगा मला कशाला भेटेल? मी डबा आवरून आत बाबाकडे गेले.

पोळा झाला आणि त्याच आठवड्यात एका पहाटे केसरबाई झोपेतच गेल्या. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

जानेफळला आम्ही गेलो. बाबाने पायऱ्या चढताना माझा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठले. प्रसेनजित दारात उभा होता, डोळे कोरडे, सगळ्यांना पाणी विचारत होता.  

पुढच्या मंगळवारी बाबा उठलेच नाहीत. कपडे काढून ठेवले होते, डबा भरला होता, गाडी दारात उभी होती. “नाई जायचं,” एवढंच म्हणाले. बुधवारी पाय सुजले. गुरुवारी दम लागायला लागला. मी त्यांच्या पुढ्यात बसून हात जोडले, भांडले, शेवटी नुसती रडत बसले.

“बरं, उद्या जाऊ,” ते म्हणाले. “पण हे शेवटचं, समता. तुह्यासाठी येतो. मंगळवारपासून मले कोणी उठवू नका.”

शुक्रवारी शेजारच्या बेडवर स्वच्छ चादर अंथरलेली होती आणि कुणी नव्हतं. छायासिस्टरने सुया टोचल्या, मशीन सुरू झालं. बाबाने भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांच्या पाठीकडे पाहत बसले आणि मनात म्हणत होते, हे चार तास संपूच नयेत.

आणि दार ढकलून प्रसेनजित आत आला.

अंगात ड्युटीचे कपडे, केस भिजलेले. सरळ येऊन तो रिकाम्या बेडजवळच्या त्याच स्टुलावर बसला. बाबाने मान वळवली.

“तू काऊन आला बे?”

“मंगळवारीही आलतो,” तो म्हणाला. “तुमी नव्हते.”

  आईला जाऊन आठवडा झाला नव्हता आणि हा मुलगा मंगळवारी येऊन, दोन रिकाम्या बेडकडे पाहून परत गेला होता. 

त्याने खिशातून तो लहानगा प्लेअर काढला. एक इअरफोन बाबाच्या कानात घातला, दुसरा आपल्या. गाणं सुरू झालं असावं, कारण बाबाचा चेहरा ताणला गेला. पण त्यांचा उजवा हात चादरीवर तसाच पडून राहिला. प्रसेनजितने थोडं थांबून कपाटाच्या पत्र्यावर ठोका दिला. मग दुसरा. मग तिसरा. काय सांगू तुम्हाला, इतकं बेताल मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. समोरच्या बेडवरचे आजोबा झोपेतून जागे झाले. मी मान खाली घातली. तो मात्र घाम फुटेस्तोवर पत्रा बडवत होता.

एक कडवं बाबाने सहन केलं. दुसऱ्या कडव्याला त्यांचा जबडा हलायला लागला. तिसऱ्याला त्यांना राहवेना.

“थांब बे. काय करून राह्यला हे? तुह्या मायनं काही शिकवलं नाई काय तुले?”

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. 

“नाई शिकवलं, काका,” प्रसेनजित म्हणाला. “राहून गेलं.”

आणि तेव्हा त्याचे डोळे भरले. जानेफळच्या दारात जे आलं नव्हतं ते आत्ता आलं, सगळ्यांसमोर, आणि त्याने ते पुसलंही नाही. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चादरीवरचा उजवा हात उचलला आणि दांडीवर ठेवला.

“माह्या हाताकडं पाह्य. गाण्याच्या मागं पळू नको. मी इथं मारला का तू तिथं मार. हं… आत्ता. नाई, उशीर केला. पुन्हा.”

पुन्हा. आणि पुन्हा. छायासिस्टर औषध द्यायला आल्या त्या हसतच उभ्या राहिल्या. बाबा चिडत होते, बेताल्या म्हणत होते, गाढव म्हणत होते, आणि त्यांचा आवाज दर वेळी थोडा मोठा होत होता. प्रसेनजितला एवढ्या वेळात एक ठोका धड जमला नाही.

तास-दीड तास उरला असताना बाबा थकून उशीला टेकले. “समता,” त्यांनी मला हाक मारली.

“काय बाबा?”

“ह्याले मंगळवारी बोलाव. हे एका दिवसाचं काम नाई.”

मंगळवारी. मंगळवारपासून उठवू नका म्हणणारे बाबाच हे म्हणत होते.

“आन् तो मोठा घेऊन ये,” ते डोळे मिटून म्हणाले. “ह्या लहान्यातले गाणे याले शिकवाले पुरणार नाई. आत्ताच जा, दुकान बंद होईन. मी इथंच आहे.”

आम्ही दोघं बाहेर पडलो. भुरभुर सुरूच होती. दुकानात मी मोठा मागितला, दुकानदाराने एकदा माझ्याकडे, एकदा प्रसेनजितकडे पाहिलं आणि निमूटपणे खोका बांधून दिला. परत येताना पाऊस वाढला म्हणून आम्ही एका टपरीच्या पत्र्याखाली उभे राहिलो. खोका भिजू नये म्हणून त्याने तो शर्टात धरला होता.

“मंगळवारी खरंच येसान?” मी विचारलं. “ड्युटी आहे ना तुमाले?”

“सांगून येईन.”

“बाबासाठी?”

“काकासाठी… आन् तुमच्यासाठी. खरं सांगू का? आधी तुमच्यासाठी. त्या दुकानात तुमी भांडून गेल्या, तेव्हापासून.”

मला हसू फुटलं. आणि त्याच वेळी ती जुनी भीतीही वर आली. मग मी ती बोलूनच टाकली. माझ्याने आता मनात ठेवणं होत नव्हतं.

“मलेही तुमी आवडता. लय आवडता. पण मले भेव वाटते, प्रसेनजित. बाबा काही कायमचे राहणार नाईत, मोठा घेतला काय आन् लहान घेतला काय. आपलं सारं ह्या बेडपाशीच झालं. ते गेल्यावर तुमाले इथं याचं काही कारणच राहणार नाई. मंग तुमी येणं बंद करसान.”

पाऊस पत्र्यावर वाजत होता. तो माझ्याकडे नीट पाहत होता, त्या पहिल्या दिवसासारखाच शांत, फक्त डोळ्यांच्या कडा अजून लाल होत्या.

“माही आई गेली,” तो म्हणाला. “तरी आलोच ना मी?”

 मी त्याचा हात धरला, भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. त्याची बोटं पत्रा बडवून सुजली होती, म्हणून मी हळूच धरला. बाबाच्या सुया काढायची वेळ होत आली होती.

“चल,” मी म्हटलं, आणि पहिल्यांदाच त्याला तू म्हटलं. “बाबा वाट पाहून राह्यले असतीन.”